नांदायला आलेली माणसं

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतलं एक तरुण जोडपं पूर्व आफ्रिकेला गेलं. ती नर्स, तो शेतकीचा डिप्लोमा झालेला. दोघंही ख्रिस्ती, चार पिढ्यांचे कोल्हापूरकर. चर्चच्या एका संस्थेतर्फे तीन वर्षांसाठी चालले होते, जमलं तर पुढंही राहायचं असं ठरवून. निघायच्या आदल्या दिवशी घरात जेवण होतं. आत तांबडा-पांढरा उकळत होता आणि बाहेरच्या खोलीत दोन बॅगा वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या. २३ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून मुलगा आतून एकेक वस्तू काढत होता आणि त्याची पाठ वळली की आई कांदा-लसूण मसाल्याची एकेक पिशवी आत सारत होती.

जेवून बाहेर पडलो तर कट्ट्यावर तीच चर्चा. एकजण म्हणाला, "बाटवायला चाललीत म्हणायची." दुसरा म्हणाला, "अरे, तिकडं निम्मे लोक आधीच ख्रिस्ती असतील की." त्यावर तिसरा म्हणाला, "मग कशाला चाललीत?"

पहिल्याचं वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्याचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मी हिंदू घरातला, रोज देवपूजा करणारा माणूस. मिशनऱ्यांची वकिली करायचं मला काही कारण नाही. पण परदेशी जाऊन धर्मासाठी आयुष्य काढणाऱ्या जोडप्यांबद्दल आपण ज्या पद्धतीनं वाद घालतो, ती पद्धत मला पटत नाही, आणि ती का पटत नाही ते सांगायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव नाही.

वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, सेवेच्या नावाखाली धर्मांतर. दुसरी म्हणते, शाळा काढल्या, दवाखाने काढले, तुमच्या आज्या-पणज्या त्यांनीच वाचवल्या, तेव्हा गप्प बसा. मधला एक समजूतदार माणूस मग तोडगा काढतो: सेवा करा ना, जरूर करा, फक्त धर्म बाजूला ठेवून करा. ऐकायला हे फार सभ्य वाटतं. पण ही अट आपण दुसऱ्या कुणाला घालत नाही. गुरुद्वारातल्या लंगरात वाढणाऱ्याला आपण म्हणत नाही की डाळ वाढ, वाहेगुरू म्हणू नकोस. मठाच्या अन्नछत्रात पंगत बसते तेव्हा आधी श्लोक होतो आणि आपण हात जोडून तो म्हणतो. माणूस ज्या श्रद्धेपोटी पहाटे चारला उठून महारोग्याच्या जखमा धुतो, ती श्रद्धा दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेव म्हणणं म्हणजे जखमा धुऊ नकोस म्हणण्यासारखंच आहे. ते जमत नाही. जमतं असं म्हणणारा एक तर खोटं बोलतोय, किंवा त्याला ती नोकरी वाटतेय.

गंमत अशी की सेवा आणि प्रचार यांची फारकत करा, असा हुकूम मिशनरी मंडळाच्या मुख्यालयातूनही आला होता, आणि त्याची झळ ज्यांना लागली त्यांत कोल्हापूरचं एक जोडपं होतं.

रॉयल गूल्ड वायल्डर आणि एलायझा वायल्डर. १८४६ साली लग्न करून दोघं अमेरिकेतून निघाले, आधी अहमदनगरला राहिले आणि १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. (ते अमेरिकन होते हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं गोरा दिसला की तो इंग्रज. कोल्हापूर संस्थान होतं, इंग्रजांचा पोलिटिकल एजंट इथं बसलेला होता, त्यांच्या छत्राचा फायदा या लोकांना झाला हे खरं; पण त्यांना पगार लंडनहून येत नव्हता.) वायल्डरांचा सगळा जीव शाळांत होता. आणि नेमक्या त्याच काळात त्यांना पाठवणाऱ्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी मंडळाचे सचिव रूफस अँडरसन यांनी धोरण आखलं होतं की मिशनऱ्यांनी शाळांत, विशेषतः इंग्रजी शाळांत, वेळ आणि पैसा घालवू नये; शाळेतून कारकून निघतात, ख्रिस्ती निघत नाहीत. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले आणि शाळांना कात्री लागली. वायल्डर भांडले. त्यावर पुस्तक लिहिलं. बोर्डानं त्यांना परत पाठवायला नकार दिला, तेव्हा १८६१ मध्ये ते बोर्डाशिवाय, देणग्या गोळा करत, पुन्हा कोल्हापुरात आले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळींनी हे मिशन आपल्याकडं घेईपर्यंत जवळजवळ दहा वर्षं हे कुटुंब कुणाच्या जिवावर चाललं होतं याचा विचार करा.

आता मला सांगा, हे वायल्डर सेवेच्या नावाखाली धर्मांतर करणारे, की धर्मांतराच्या नावाखाली शाळा चालवणारे? मला विचाराल तर त्यांना स्वतःलाही हा प्रश्न कळला नसता. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

आणि एलायझा? १८८७ मध्ये वायल्डर न्यूयॉर्कमध्ये वारले. एलायझांचं तेव्हा वय झालेलं होतं. नवरा गेलेला, मंडळाशी असलेला हिशेब संपलेला, मायदेशात मुलगा कर्तबगार निघालेला. आपल्याकडची कुठलीही बाई अशा वेळी मुलाकडं राहिली असती. या बाई लेक ग्रेसला घेऊन परत इकडं आल्या आणि आयुष्याची उरलेली वर्षं इस्लामपूरला राहिल्या. धर्मप्रचारासाठीच आल्या, हे उघड आहे. पण फक्त तेवढ्यासाठी एखादी म्हातारी बाई दोन समुद्र ओलांडून इस्लामपूरला येत नाही. इस्लामपूरबद्दल मला आदर आहे, तरीही म्हणतो. माणूस परत येतो तो घरी.

मुलगा म्हणजे रॉबर्ट वायल्डर, जन्म १८६३, कोल्हापूर. त्यानं १८८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी चळवळ उभी केली तिच्यातून पुढच्या काही दशकांत हजारो तरुण-तरुणी मिशनरी होऊन जगभर गेले. आपल्या मातीत जन्मलेल्या जगप्रसिद्ध माणसांच्या याद्या आपण हौसेनं करतो, त्यांत हा नसतो.

तर मुद्दा जोडप्याचा. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काळा झगा आणि हातात बायबल घेतलेला एकटा पुरुष उभा राहतो. निदान आपल्या भागात तरी तसं नव्हतं. इथं आलेले बहुतेक प्रॉटेस्टंट, ते जोडीनं आले. लग्न न केलेल्या बायकाही आल्या. म्हणजे इथं एक धर्मप्रचारक आला असं म्हणण्यापेक्षा एक संसार आला असं म्हणावं लागेल. त्या संसारातल्या बाईला अमेरिकन बोर्डाच्या कागदोपत्री 'साहाय्यक मिशनरी' म्हणायचे. वेगळा पगार नाही. काम मात्र असं, की जे नवऱ्याला सात जन्मांत करता आलं नसतं. १८६० सालच्या कोल्हापुरात परका पुरुष कुणाच्या माजघरात जाणार होता? परकी बाई मात्र जाऊ शकत होती. बाळंतिणीपाशी बसू शकत होती. मुलीला शाळेत का पाठवायचं हे तिच्या आजीला सांगू शकत होती आणि वर आजीच्या चार शिव्याही ऐकू शकत होती.

आमच्या ओळखीत एक निवृत्त परिचारिका आहेत, ऐंशीच्या पुढच्या. लहानपणी त्यांच्या गावात एक अमेरिकन मडम होत्या, त्यांची आठवण त्या सांगतात. मडमचं मराठी कसं होतं, असं मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "निघताना 'येतो हं' म्हणायच्या." बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापूरकडच्या बायका 'येते, जाते' म्हणत नाहीत, 'येतो, जातो' म्हणतात. मिशनऱ्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागे, त्यासाठी पंडित लावून व्याकरण शिकवत. कुठल्याही पंडितानं परदेशी बाईला 'मी येतो' शिकवलं नसेल. शिकवलं असतं तर ती परीक्षेत नापास झाली असती. ते ती नळावर, चुलीपाशी, गावच्या बायकांत बसून शिकली. त्या दोन शब्दांत मला तिची वीस वर्षं दिसतात.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: नांदणं. आपण लेकीला राहायला पाठवत नाही, नांदायला पाठवतो. नवी सून परक्या घरात येते तेव्हा तिच्यावर सगळ्यांचा संशय असतो. ती काय मनात धरून आलीय? नवऱ्याला वेगळं काढणार का? पण तिला कुणी पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर उभी करून शपथपत्र लिहून घेत नाही. ती भांडी कशी घासते, सासऱ्याच्या आजारपणात काय करते, दीर बेकार झाला तेव्हा काय बोलली, हे बघत बघत दहा वर्षं जातात आणि मग तिचा हेतू काय होता हे घराला कळतं. हेतू असा कळतो. बाहेरून आलेल्या संसारालाही हीच कसोटी लावायला हवी. एकट्या माणसाला पाच वर्षं सोंग काढता येईल. संसाराला तीस वर्षं काढता येत नाही. घरातला स्वयंपाकी सगळं बघत असतो, मोलकरीण बघत असते, शेजारी बघतात, आणि त्या बाईचं पोर आपल्या पोरांत खेळतं की कुंपणाच्या आत, हे तर सगळं गाव बघतं.

आणि या कसोटीवर हे लोक सगळे उतरले असं मी म्हणणार नाही. कुंपण होतंच. बंगले होते, बंगल्याला नोकरचाकर होते, उन्हाळ्यात पन्हाळा होता. मुलं शिकायला कोडाईकनाल नाहीतर अमेरिकेला जायची. आठ-नऊ वर्षांचं पोर आईपासून तोडून पाठवायचं ही त्या बायकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम असावी; पण त्याच बायका इथल्या दुष्काळातली पोरकी मुलं आश्रमात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवत होत्या, हेही विसरून चालणार नाही. ते मूल जगलं, हे खरं. त्याला कुणी विचारलं नाही, हेही खरं. मला यात सोपं उत्तर सापडलेलं नाही.

सगळ्यात मोठी खोट किल्ल्यांची. आपल्याकडं सून नांदली की सासू तिच्या हाती किल्ल्या देते. मिशनच्या घरात उलटं व्हायला हवं होतं: आलेल्यानं किल्ल्या घरच्यांच्या हाती द्यायला हव्या होत्या. त्याला फार उशीर झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी, ज्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात, तेही १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर मिशनच्या पगारावरचे एक 'नेटिव्ह' कामगारच राहिले. वीस-बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. हिंदी माणसाचा ख्रिस्त हिंदी माणसाच्या हाती द्या, हे त्यांचं म्हणणं. दोनच वर्षांनी ते गेले. उत्तर भारतातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं ते १९७० मध्ये. देश २३ वर्षं स्वतंत्र होता तोवर. पगारातला फरक, समितीतली खुर्ची, बंगला कुणाचा आणि खोली कुणाची, यावरून आतल्या आत जी कुरबूर चाले ती जुन्या ख्रिस्ती घरांत बसलात तर आजही ऐकायला मिळते. मिशनऱ्यांवर टीका करायची असेल तर इथं करा. इथं ती दुखते, कारण खरी आहे.

विहिरीत पाव टाकून बाटवलं वगैरे टीका मला कधीच पटली नाही. तिच्यात मिशनऱ्याचा अपमान थोडा आणि आपल्याच माणसाचा जास्त. पावाच्या तुकड्यासाठी धर्म सोडला, असं आपण कुणाबद्दल बोलतो? ब्राह्मणाबद्दल नाही बोलत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यानं त्यांना नाही नाही ते म्हटलं, पण पावासाठी बाटली असं कुणी म्हटलं नाही. त्या बाई तर बाप्तिस्म्यानंतर आपल्याच चर्चच्या वडीलधाऱ्यांशी पत्रांतून अशा भांडल्या की त्यांचा जीव नकोसा झाला असेल. तिथं आपण विचार, बंड, शोध असे शब्द वापरतो. महार-मांगांनी तेच केलं की लालूच. ज्या माणसाला गावात पाण्याला हात लावू देत नव्हते, त्याला ज्या घरात ओसरीवर बसवलं आणि पोराच्या हातात पाटी दिली, त्या घराचा देव आपला मानावासा वाटला, तर त्यात त्याच्या बुद्धीवर शंका घ्यायचं कारण काय? आपण दिली होती का पाटी? दिली ती शाहू महाराजांनी, आणि महाराजांनी १९१५ मध्ये ख्रिस्ती मुलांसाठीही कोल्हापुरात वसतिगृह उभं केलं. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान पोरांइतकंच ते आपलं पोर, असा तो हिशेब. गावाच्या राजाला जे शंभर वर्षांपूर्वी कळलं, ते कट्ट्यावर अजून पोचायचंय.

बरं, लालूच म्हणावी तर आजचा व्यवहार उलटा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शीख आणि बौद्धांना तो पुढं मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. म्हणजे कागदावर ख्रिस्ती होणं हा आतबट्ट्याचा धंदा. आणि फळ काय? १८१३ मध्ये पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यानंतर दोनशे वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आत. त्यातही वसई आणि मुंबईचे कॅथलिक हे पोर्तुगीज काळापासूनचे. बाटवायचाच कारखाना काढला असेल तर इतका तोट्यातला कारखाना सहकारातसुद्धा सापडणार नाही.

जबरदस्तीनं, फसवून, पैसे देऊन केलेलं धर्मांतर गुन्हा असावा, याला माझी हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. ठीक आहे. पण न्यायालयापुढं तपासायची असते ती कृती. मनातल्या इच्छेचा पंचनामा कुठला हवालदार करणार? आमच्या गल्लीतली ती पोरगी आफ्रिकेतल्या बाळंतिणीचा रक्तदाब मोजताना मनात प्रार्थना करत असेल. करत असणारच. त्यात त्या बाळंतिणीचं काय गेलं?

आणि हे काम फक्त त्यांनीच केलं असंही नाही. विवेकानंदांनी १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेदांत सोसायटी काढली, आणि नंतर आपल्या संन्याशांची संस्था काढताना नावात 'मिशन' हाच शब्द घेतला. १९६५ मध्ये, पुढं ज्यांनी इस्कॉन काढलं ते भक्तिवेदान्त प्रभुपाद मालवाहू बोटीतून अमेरिकेला गेले, सत्तरीच्या उंबरठ्यावर. तीन वर्षांनी त्यांना लंडनमध्ये कृष्णमंदिर हवं होतं. कुणाला पाठवलं? तीन तरुण अमेरिकन जोडप्यांना. एकाचं तर तान्हं मूल बरोबर होतं. ते गेले, लोकांच्या जागांमधून राहिले, स्वयंपाक करून प्रसाद वाटला, भजनं म्हटली, आणि सव्वा वर्षात मंदिर उभं राहिलं. जेवू घालून धर्म सांगणं! हे ऐकताना आपली छाती फुगते. फुगू दे, माझीही फुगते. फक्त तेच इस्लामपूरला कुणी केलं तर भुवई वर जाते, एवढंच मला दाखवायचं होतं.

कोल्हापुरात मेरी वॉनलेस हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. मेरी कोण हे विचारलं तर मात्र दहातले नऊ गप्प. मिरजेच्या विल्यम वॉनलेस यांची ती पहिली बायको. वॉनलेस कॅनडाचे, न्यूयॉर्कला डॉक्टर होऊन १८८९ मध्ये सांगलीला आले, तिथून मिरजेला, आणि १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उघडलं. १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, हा माणूस या भागात राहिला. आज मिरज हे डॉक्टरांचं गाव आहे, त्याचं बी तिथलं. त्यांनी १८९७ मध्ये इथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवायला सुरुवात केली, यात मला किल्ल्यांचा पहिला आवाज ऐकू येतो. सुरी आपल्याच हातात ठेवणारा सर्जन मोठा होतो. ती दुसऱ्याच्या हातात देणारा गाव मोठं करतो. माझ्या आजीच्या तोंडी 'मिरजेला न्या' हे शेवटचं वाक्य असायचं. त्यापुढं फक्त देव. मोतीबिंदू काढायला तिलाही मिरजेलाच नेलं होतं, कोल्हापूर-मिरज गाडीनं. डोळ्याची पट्टी सुटल्यावर तिला पहिलं काय दिसलं असेल? भिंतीवरचा येशूच. ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाबाईला गेली. पुढं मरेपर्यंत जात राहिली. तिच्यापुरता विषय तिथं संपला होता, आणि मला वाटतं डॉक्टरांपुरताही.

ओडिशाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती विस्तारानं सांगवत नाही. ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी १९६५ पासून मयूरभंजमध्ये कुष्ठरोग्यांत होते. १९९९ च्या जानेवारीत गाडीत झोपलेले असताना त्यांना आणि दहा व सहा वर्षांच्या दोन मुलांना जिवंत जाळलं. बायको ग्लॅडिस आणि मुलगी मागं राहिल्या. ग्लॅडिसनी मारणाऱ्यांना क्षमा केली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: त्या लगेच विमानात बसल्या नाहीत. आणखी पाच वर्षं तिथंच राहून कुष्ठरोग्यांचं काम बघत राहिल्या. जाळणाऱ्यांनी हेतूबद्दल जो आरोप केला होता, त्याचं उत्तर त्या पाच वर्षांनी दिलं. बोलून कितीही दिलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं.

म्हणून मला आपलं आजचं धोरण आणि आजची ओरड, दोन्ही उफराटी वाटतात. स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकापासूनच, सरकारनं परदेशी मिशनऱ्यांचं येणं आवळत आणलं. भारतीय माणूस मिळत असेल तर परदेशी कशाला, हा विचार तेव्हा रास्त होता. किल्ल्या मागायचाच तो प्रकार होता, आणि त्या मागितल्या म्हणून तर मिळाल्या. पण परिणाम असा झाला की तीस वर्षं राहणारा संसार यायचा बंद झाला आणि पर्यटक व्हिसावर दोन आठवड्यांसाठी येऊन, मंडपात भाषण ठोकून, दुभाष्याकडून 'हालेलुया' म्हणवून घेऊन, फोटो काढून परत जाणारा यायचा राहिला. तसं करणं व्हिसाच्या अटींचा भंग आहे, पण तो सापडेपर्यंत विमानात बसलेला असतो. त्याला मराठी येत नाही. कुणाच्या घरी मयत झालं तर तो नसतो. त्याच्या मागं गावात जो गोंधळ होतो, तो निस्तरायला इथला पाळक असतो, ज्याचं आडनाव कांबळे असतं आणि ज्याच्या पोराला शाळेत विचारतात, "तुम्ही कुठल्या देशाचे?" शंका घ्यायची तर या दोन आठवडेवाल्यांवर घ्या. आपण घेतो ती राहणाऱ्यांवर, कारण ते हाताशी सापडतात.

हीच मोजपट्टी आमच्या गल्लीतल्या जोडप्यालाही लागते, त्यात सवलत नाही. ते तिकडं शहाणपण शिकवायला गेले असतील तर तिथल्या लोकांनी त्यांना जरूर हाकलावं. आपल्याला गोऱ्यांचा मोठेपणा खुपला, तर आपल्या पोरांनी काळ्या माणसांत जाऊन मोठेपणा करू नये. आणि आपल्या समाजात काळ्या रंगाबद्दल जे काही बोललं जातं, ते ध्यानात घेतलं तर ही भीती खोटी नाही. जायच्या आधी मी त्या मुलाला हे बोललोही होतो. त्याला ते फारसं आवडलं नव्हतं.

परवा त्याच्या आईकडं बसलो होतो तेव्हा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी उन्हानं रापलेली, डोक्याला तिथल्या बायका बांधतात तसं फडकं. आईनं विचारलं, भाषा येते का आता. म्हणाली, येते थोडी, बायका हसतात माझ्या बोलण्याला, पण त्यांनीच एक म्हण शिकवलीय. तिनं ती म्हणून दाखवली: "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेम्बे." पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या.

"मग दिली का कुदळ?" म्हातारीनं विचारलं.

मागून मुलानं कॅमेऱ्यापुढं दोन्ही तळहात धरले. फोड येऊन गेलेले, कातडं निबर झालेलं. "तिसऱ्या दिवशी न्हाई, आई. तिसऱ्या महिन्यात दिली. तोवर म्हणायचे, तू बस, तू साहेब." आणि मग लगेच, "मसाला संपलाय. कुणी येणार असेल तर पाठव."

"संपला कसा? सहा पिशव्या होत्या."

"शेजारच्या बायका घेऊन गेल्या," पोरगी म्हणाली. "चला, ठेवतो आता."